कच्चा रंग मागितला होता

२ सप्टेंबर

प्रिय ढब्बू,

फोनवर तू नुसता हूं हूं करतोस आणि मागे भट्टीचा आवाज येत असतो, म्हणून हे पत्र. सोबत चौथ्या भागाचं बाड पाठवतेय. नेहमीसारखं पहिलं तूच वाचायचंस. मागच्या वेळी पानापानांवर तुझे निळे अंगठे उमटले होते आणि प्रकाशकाला वाटलं, मी नकाशे काढलेत. या वेळी निदान हात पुसून बस.

या भागात पूल येतो. तीन भाग मी त्याच्याकडेच सरकत होते. ताम्रदळाने नदीपलीकडची निळहात्यांची वस्ती पेटवली आहे, माणसं पुलावरून पळत सुटली आहेत आणि पुलाच्या तोंडाशी उभा असलेला सेनापती प्रत्येकाला एवढंच म्हणतो, 'हात दाखव, नाव विचारायची गरज नाही.' तळवे निळे निघाले की संपलं. हे मी कुठून उचललंय ते तुला सांगायला नको. माझे मामा, म्हणजे तुझे बाबा, रंगाच्या कुंडाच्या कठड्यावर बसून त्यांच्या आजोबांच्या वेळची कत्तल सांगायचे आणि आपण दोघं सुताच्या ढिगाऱ्यात घुसून ऐकायचो. मी फक्त मारेकऱ्यांना तांब्याची चिलखतं घातली आणि आकाशात दोन चंद्र टांगले. दोन चंद्र टांगले की लोक निमूट वाचतात. तेच इतिहास म्हणून लिहिलं असतं तर नदीच्या अलीकडच्या, आमच्या बाजूच्या निम्म्या घरांनी पुस्तक मिटलं असतं, कारण मग त्यांच्या आजोबांची नावं निघाली असती. माझी आई रंगाऱ्यांच्या वस्तीतून लग्न होऊन पूल ओलांडून आली, एवढंही इथे फारसं कुणाला आठवत नाही.

आता एक काम. नोव्हेंबरात प्रकाशन समारंभ आहे. आलेल्या वाचकांनी हौदात हात बुडवून निळे करून घ्यायचे, अशी टूम प्रकाशकाने काढली आहे, आणि खरं सांगू का, मलाही ती आवडली. तर दोन पिंपं निळा रंग पाठव. पण कच्चा पाठव हं, दुसऱ्या दिवशी साबणाने निघून जाणारा. लोकांना कामाधंद्याला जायचं असतं.

तुझी लेक मजेत आहे. नर्सिंगचं दुसरं वर्ष म्हणजे नुसती धावपळ. रोज जेवताना मला एकेक रोग ऐकवते आणि माझा घास तोंडातच राहतो.

तुझी ताई

*

१४ सप्टेंबर

ताई, महाराणी,

बाड वाचलं. हात पुसून वाचलं, तरी नखांना मी काय करू.

पूल चांगला झालाय. पण तुला दर वेळी सांगतो तेच पुन्हा सांगतो, तुझ्या लढाईत माणसं फार पटकन मरतात. भाला लागला की खलास, पुढचा. गेल्या वर्षी आमचा थोरला कारागीर लाल रंगाच्या उकळत्या कुंडात पडला ना, तो सकाळी पडला आणि दुपारपर्यंत जिवंत होता. आधी पाणी मागत होता, मग बायकोला हाका मारत होता, मग नुसताच आवाज यायचा. कातडी आमच्या हाताला येत होती म्हणून त्याला उचलताही येईना. आम्ही सगळे तिथे उभे होतो आणि कुणालाच तिथून जाता येत नव्हतं. मरण म्हणजे असं असतं बघ. तुझ्या पुस्तकात ते उरकून टाकल्यासारखं वाटतं.

आणि त्या नावाड्याचं काय केलंस? तीन भाग तो म्हातारा होडी वल्हवत राहिला, सगळ्यांना पार नेलं, आणि शेवटी त्याच्या वाट्याला एकच ओळ. 'भाला लागला आणि तो पाण्यात पडला.' मला रडूच आलं, म्हणजे रागाने. पाचव्या भागात त्याला परत आण. तुझ्या देशात दोन चंद्र चालतात तर हेही चालेल.

तुझ्या वहिनीला गोष्ट सांगितली. ती म्हणते, आपल्यावर लिहिलंय तर मग दर भागात आपणच का मरतो? मी म्हटलं, मरतो म्हणून तर लिहिलंय. तिला पटलं नाही. आणि दुसऱ्या भागात आम्ही विहिरींत विष टाकलं, त्याबद्दल अजून लोक मला विचारतात. अरे, आम्हाला जेवायला फुरसत होत नाही, विहिरीपर्यंत जाणार कधी? पण वस्ती खूश आहे बरं का. पोरं गल्लीत निळहाते आणि ताम्रदळ खेळतात आणि कुणीच ताम्रदळात जायला तयार नसतं. म्हातारी माणसं दोन्ही तळवे वर करून एकमेकांना तुझ्या पुस्तकातला सलाम घालतात. वाईट म्हणून का होईना, आपलं नाव छापून आलं, असं त्यांचं म्हणणं.

रंग पाठवतो. लेकीला मात्र त्या हौदाजवळ फिरकू देऊ नकोस. जन्मल्यापासून तिला मी कुंडाला हात लावू दिलेला नाही, तुला माहीत आहे. आमच्या घरातले ते पहिले स्वच्छ हात आहेत. ते तसेच दवाखान्यात जाऊ देत.

तुझा ढब्बू

*

११ नोव्हेंबर

ढब्ब्या,

तुला काय म्हणावं? मी कच्चा रंग मागितला होता.

समारंभ झोकात झाला, सभागृह तुडुंब भरलं. हौदासमोर रांग लागली आणि बाहेर आलेले तळवे आधी हिरवे दिसून हवेत बघता बघता निळे झाले, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बुडवले, प्रकाशकाने बुडवले. आमच्या गल्लीतला औषधांचा दुकानवाला, माझा सगळ्यात जुना वाचक, त्याने तर कोपरापर्यंत बुडवले. आता तीन दिवस झाले आणि रंग हलायला तयार नाही. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. औषधवाला निळ्या हातांनी गोळ्या मोजतो आणि गिऱ्हाइकं हसतात, म्हणून त्याने कातडी हातमोजे घेतलेत. मला वाटेत थांबवून म्हणाला, 'बाई, हे कधी जाणार?' हसतच म्हणाला, पण मला ते हसणं काही बरं वाटलं नाही.

आता रागावू नकोस. तुझ्या लेकीनेही बुडवले. मी व्यासपीठावर होते, मला दिसेपर्यंत तिचे हात आत गेले होते. मी ओरडले तर म्हणते कशी, 'आत्या, सगळ्यांचे झाले, मग माझेच नकोत का?' दवाखान्यात हातमोजे घालते, कुणाला कळत नाही.

गंमत ऐक. पुलाचं प्रकरण दिवाळी अंकात छापून आलं, तेव्हापासून आपल्या पुलावर दर रविवारी माझे वाचक जमतात. मनगटांत तांब्याची कडी, हातात काठ्या. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून 'हात दाखव' म्हणतात, आणि कुणी दोन्ही तळवे वर करून निळहात्यांचा सलाम केला की हशा पिकतो आणि त्याला सोडतात. पुस्तकातून उठून माणसं पुलावर आली की! तू आलास की सलाम कर, तुझे हात तर अस्सल आहेत.

तुझी ताई

*

१५ नोव्हेंबर

ताई,

रंग मीच पक्का पाठवला. रागाव, पण आधी ऐकून घे. तुझ्या समारंभाला वस्तीतून रंग जाणार आणि तो दुसऱ्या दिवशी उतरणार? लोक काय म्हणाले असते, रंगाऱ्यांना रंग लावता येत नाही? तुझी वहिनी म्हणत होती, मागितलाय तसा द्या. पण मला कच्चा रंग घालता येतच नाही गं. माझा हात वळत नाही तिकडे. उलट दोनदा जास्त मुरवला. काळजी करू नकोस, कातडीवरचा पंधरा-वीस दिवसांत जाईल. नखं वाढतील तसा नखांतलाही जाईल.

लेकीचं वाचून मात्र मी दिवसभर कुंडापाशी गेलो नाही. तिला म्हणावं, बाबा रागावलेले नाहीत. हात कसे दिसतात ते बघायला येतो म्हणावं.

गेल्या रविवारी सूत घ्यायला तुमच्या बाजूला आलो होतो, तुझ्याकडे यायला जमलं नाही. पुलावर तुझे वीर उभे होते. मी दोन्ही हात वर करून झोकात सलाम ठोकला. हसले, वाट दिली. एकाने पाठीवर काठी मारली, पण थट्टेतली होती.

वहिनी हल्ली तुमच्या बाजूच्या बाजारात येत नाही. पाय दुखतो म्हणते.

तुझा ढब्बू

*

१८ नोव्हेंबर

ढब्बू,

इथे नळाला दोन दिवस निळसर पाणी येतंय. पाइप जुना, कुठेतरी फुटला असणार. गल्लीतली बरीच मुलं जुलाब-उलट्यांनी आजारी आहेत आणि दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. लेक दमून येते. औषधवाला दुकानाच्या पायरीवर उभा राहून सांगत होता, विष आहे, रंगाऱ्यांनी वरून सोडलंय. मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाला, 'बाई, दुसऱ्या भागात तुम्हीच नाही का लिहिलंत?' मला हसावं की रडावं कळेना. दोन-चार दिवसांत निवळेल सगळं. लोकांना बोलायला काहीतरी लागतं.

तुझी ताई

*

२० नोव्हेंबर

ताई,

घाईत लिहितोय. दूधवाल्याच्या हाती देतोय, तो उद्या तुला देईल. फोन लागत नाही. मी परवा सकाळी येतो लेकीला न्यायला. तू मध्ये पडू नकोस, ती आठ दिवस आमच्याकडे राहील आणि निवळलं की परत पाठवीन. पूल चालू आहे म्हणतात. सलाम माझा पाठ आहे, तू काळजी करू नकोस.

तिची पिशवी भरून ठेव.

ढब्बू

*

२४ नोव्हेंबर

ढब्बू,

तुझं काहीच पत्र नाही. दूधवाला गेल्या आठवड्यापासून आलेला नाही, पोस्ट बंद, फोन बंद. हे तरी तुला कधी मिळेल देव जाणे. दवाखान्याची गाडी नदीपलीकडे जाईल तेव्हा डॉक्टरीणबाई नेतील म्हणाल्यात.

आधी महत्त्वाचं सांगते. लेक जिवंत आहे. माझ्याकडे आहे, आत झोपली आहे. तिचे हात भाजलेत, पण ती आहे.

परवा सकाळी सुरू झालं. आधी आरोळ्या, मग कौलं फुटल्याचा आवाज, मग धूर. खिडकीच्या फटीतून मी पाहिलं ते सांगते, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला श्वास घेता येणार नाही. समोरच्या घरात भाड्याने राहणारा विद्यार्थी समारंभाला आला होता, त्याने हात बुडवले होते. त्याला रस्त्यावर ओढलं. तो आपलं नाव सांगत होता, बापाचं सांगत होता, मी इकडचाच आहे, हा नुसता पुस्तकाचा रंग आहे म्हणून ओरडत होता. कुणी ऐकलं नाही. पहारीने त्याचं डोकं फोडलं, एकदा नाही, तो हलायचा थांबल्यावरही. मी सेनापतीच्या तोंडी घातलेलं वाक्य त्यांच्यातला एक जण गाणं म्हणावं तसं म्हणत होता. ढब्बू, त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी हातमोजे घातले होते. आत कुठला रंग आहे ते मला माहीत आहे. त्यांचेच हात त्यांनी झाकले होते आणि उघड्या हातांची माणसं मारत सुटले होते.

मी लेकीला मोरीत नेलं. बादलीभर पाण्यात ब्लीचिंग पावडरचा सबंध डबा ओतला आणि तिला हात बुडवायला सांगितलं. रंग जातो त्याने, पण कातडीही जाते, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तिने बुडवले. मी दार ओढून घेतलं आणि तेवढ्यात कडी वाजली.

औषधवाला होता. मागे दोघे. त्याच्या हातमोज्यांवर रक्त होतं, ओलं. तो म्हणाला, 'बाई, तुमच्याकडे एक पोरगी राहते म्हणतात.' मी म्हटलं, ती दवाखान्यात आहे, दोन दिवस आली नाही. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. माझे निळेच. म्हणाला, तुमची गोष्ट वेगळी. मग काखेतून चौथा भाग काढला आणि सही मागितली. अशा वेळी, दारात उभा राहून, सही.

मी केली. पानावर त्याच्या बोटाचा डाग पडला होता, त्याच्याच शेजारी केली. मग म्हणाला, ते वाक्य एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. मी म्हटलं. तेही म्हटलं. मोरीच्या दारामागे तुझी लेक होती आणि मी तो दारात असेपर्यंत त्याला खूश ठेवायचं ठरवलं होतं. त्याने सांगितलं की सकाळी पुलावर एक निळहात्या आपण होऊन चालत आला, आणि पुलाच्या मधोमध थांबून दोन्ही हात वर करून तुमच्या पुस्तकातला सलाम केला. हसत होता म्हणे. तो म्हणाला, 'आधी हातच घेतले त्याचे. असा वेडा मी पाहिला नाही.' आणि तो हसला, मागचे दोघे हसले, आणि ढब्बू, मीही हसले. हसावं लागलं. चांगली मोठ्याने हसले, मोरीतला आवाज बाहेर येऊ नये म्हणून.

ते गेले. मी दार उघडलं तेव्हा लेकीचे हात अजून बादलीतच होते. पाणी लालसर झालं होतं. काढ म्हटलं तरी काढेना, मला ओढून काढावे लागले. केवढी धीराची पोर आहे तुझी.

मामांची गोष्ट मी चंद्र लावून लोकांत सोडली आणि ती पत्ता शोधत घरी आली. हे मी आता पुढे कधीतरी नीट लिहीन, आज नाही जमत.

पुलावरचा तो बिचारा तुमच्याच वस्तीतला असणार. कोण होता ते कळलं तर कळव. त्याच्या घरी मला जायचंय.

तुझी ताई

*

१२ डिसेंबर

ताई, नमस्कार.

ह्यांच्या नावाचं तुमचं पत्र मी उघडलं. डॉक्टरीणबाईंनी मुलीबरोबरच पाठवलं होतं. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

तो कोण होता ते तुम्ही विचारलंय. हे होते.

मुलीला आणायला निघाले होते. त्यांनी तसं तुम्हाला लिहिलं होतं, ते पत्र तुम्हाला मिळालं नाही असं दिसतं. मी जाऊ नका म्हटलं. बाजारात माझ्या अंगावर थुंकले होते, लुगडं ओढलं होतं, ते ह्यांना माहीत होतं. तुम्हाला पाय दुखतो म्हणून कळवलं, कारण ताईला वाईट वाटेल. त्या दिवशीही म्हणाले, अगं ती ताईची माणसं आहेत, वाचणारी माणसं आहेत, सलाम केला की सोडतात.

सूत वाळवायच्या गच्चीवरून पूल दिसतो. मी तिथे उभी होते. ह्यांनी हात वर केलेले मी पाहिले. कुऱ्हाड पाहिली. मग त्यांना कठड्याला टेकवून ठेवलं आणि ते लोक तुमच्या बाजूला गेले, पण दोघं पहाऱ्याला ठेवून गेले. आमच्यातलं कुणी पुढे झालं की ते दगड मारायचे. मी तीनदा गेले, माझं कपाळ फुटलं, लोकांनी मला मागे ओढलं. हे आधी पाणी मागत होते. वाऱ्याने ऐकू येत होतं. मग मला हाका मारल्या. मी इथूनच ओ देत होते, त्यांना ऐकू गेलं की नाही मला माहीत नाही. मग नुसता आवाज यायचा. दुपारी तो थांबला.

नाव त्यांना कुणीच विचारलं नाही.

तुम्ही हसलात ते मुलीने ऐकलं. ती तुमच्यावर रागावलेली नाही, तिने स्वतः मला तसं सांगितलं. तुम्ही हसला नसता तर ती आज इथे नसती, हे मलाही कळतं. पण तुम्ही तिला धीराची म्हणालात म्हणून सांगते. सलाम करत पूल ओलांडणारा माणूस कोण, हे तिला तिथेच मोरीत कळलं होतं. म्हणून तिने हात बाहेर काढले नाहीत. बोटं आता नीट मिटत नाहीत. नर्सचं काम होणार नाही असं डॉक्टरीणबाई म्हणतात. तिचे हात आता कुठल्याच रंगाचे नाहीत, ताई. रोज सकाळी कुंडापाशी जाऊन बसते. मी तिला उठवत नाही.

तुमचं पुस्तक दुप्पट खपतंय असं ऐकलं. पाचवा भाग लिहिणार असाल तर लिहा, तुमचं तेच काम आहे. त्या नावाड्याला परत आणायला तुम्हाला हे सांगत होते. आणू नका, मेलेलं माणूस येत नाही. पण तो मरतो ते पुन्हा लिहा. त्याला एका ओळीत मारू नका. दुपारपर्यंत वेळ लागू द्या, आणि वाचणाऱ्याला मध्येच उठून जाता येणार नाही असं लिहा.

इकडे येऊ नका. पुलावर अजून ते उभे असतात, आणि तुमची नखं अजून निळी असतील.

तुमची वहिनी